प्लॉट पाडा, पण पाण्याची वाट मोडू नका



उसाच्या बेण्याविषयी, खताविषयी आम्ही या अंकांतून नेहमी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण तो उसाच्या मुळाशीच येऊन भिडतो. रस्त्याकडेच्या रानांचे प्लॉट पडू लागले आहेत. कुणी मुलीच्या लग्नासाठी विकतो, कुणी सोसायटीचे कर्ज फेडण्यासाठी. ज्याची जमीन, त्याचा निर्णय. त्याबद्दल आम्हांस काही म्हणायचे नाही. पण वरच्या अंगाला प्लॉट पडले की खालच्या अंगाच्या उसात पाणी तुंबते, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर बसून भाकरी खाल्लेले शेजारी कचेरीच्या पायऱ्या चढू लागतात. हे टाळता येण्यासारखे आहे.

कशेळ्याकडे बघा

मुंबईला रेल्वेने जाणाऱ्या सभासदांना घाट उतरल्यावरचे कर्जत स्टेशन ठाऊक आहे. तेथून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे गाव लागते. सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख. भीमाशंकरला खांडसच्या बाजूने चढणारे लोक याच वाटेने जातात. ऊस तेथे नाही, भात आहे. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि त्याहून अधिकही पडतो. मुंबई-पुण्याला जवळ म्हणून या भागात भाताच्या आणि माळाच्या जमिनींवर शेतघरे, बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. जे आपल्याकडे आज सुरू होत आहे, ते तेथे आधीच झाले आहे, म्हणून त्यापासून शिकायचे.

भाताचे खाचर म्हणजे नुसते शेत नव्हे, ते छोटे धरणच असते. वीतभर बांधात ते पाणी धरते, भरले की सांडीतून हळूच खालच्या खाचरात सोडते. असे एकाखाली एक उतरत पाणी ओहोळाला मिळते. खाचरात मुरूम टाकून सपाटी केली, भोवती भिंत घातली, आत डांबरी रस्ता नि फरशी केली, की पाऊस तेवढाच राहतो. पाण्याची थांबायची जागा तेवढी जाते. भरलेले खाचरही सांडते हे खरे, पण सावकाश. फरशीवरचे पाणी मात्र एकदम धावते.

हे सगळे पाणी पुढे उल्हास नदीला जाते. 27 जुलै 2019 रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तो पूर अतिवृष्टीचा होता, बंगल्यांमुळे आला असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या खोऱ्यात मुळातच एवढे पाणी येते, तेथे ते थोपवणारा एकेक बांध मोलाचा असतो.

हिशेब सोपा आहे

एका गुंठ्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे 1,000 लिटर पाणी, अर्थात 200 लिटरची पाच बॅरल. सहा इंची बांधाचे रिकामे खाचर गुंठ्याला 15,000 लिटर, म्हणजे एकराला 6 लाख लिटर पाणी धरू शकते. बांध मोडला की तेवढी साठवण गेली.

आता वेग बघू. एक हेक्टर रानावर तासाला 60 मिलिमीटरने पाऊस कोसळतो आहे. त्यातले तीन दशांश पाणी वाहून गेले तर सेकंदाला 50 लिटर होतात. तेच रान छप्पर-फरशीने झाकले आणि तीन चतुर्थांश पाणी वाहिले, तर सेकंदाला 125 लिटर. रस्त्याखाली एक फुटी सिमेंट पाइप टाकून ‘मोरी केली’ म्हणतात. शंभर फुटांस एक फूट उतार असला तरी तो पूर्ण भरून साधारण 100 लिटरच नेतो, आणि पालापाचोळा अडकला की तेवढेही नाही. उरलेले पाणी कुठे जाणार? शेजाऱ्याच्या सरीत.

सरीत आठ-आठ दिवस पाणी उभे राहिले की मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात, नत्र वाया जाते. खोडव्याचे फुटवे तर जागीच कुजतात. भारी काळ्या रानात हे दरवर्षी झाले, तर जमीन चोपण व्हायला वेळ लागत नाही.

काय करावे

1. प्लॉट पाडण्याआधी एका पावसात रानात उभे राहून पाणी कुठून येते, कुठे जाते ते बघावे. ओघळ व ओढा नकाशावर दाखवून मोकळा ठेवावा. त्यावर प्लॉट नंबर टाकू नये.

2. सर्वांत खालच्या कोपऱ्यात तळे राखावे. एकराला 50 मिलिमीटर पाऊस धरायचा तर 2 लाख लिटर होतात. 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 2 मीटर खोल, एवढी जागा पुरते. म्हणजे चाळीस गुंठ्यांत एक गुंठा. काठ उताराचे ठेवल्यास दीड-दोन. तळाशी लहान पाइप व वर दगडी सांडवा द्यावा. पाइप हवाच, कारण पुढच्या सरीआधी तळे रिकामे झाले पाहिजे.

3. शोषखड्डा मुरमाड रानात चालतो. काळ्या मातीत त्याच्या भरवशावर राहू नये.

4. मातीकाम मे महिन्यातच आटोपावे व खालच्या अंगाला दगडी ताल घालावी, नाहीतर सुटा मुरूम वाहून शेजाऱ्याचे चर बुजतात.

कायदा काय म्हणतो

वरच्या रानाचे पावसाचे पाणी नैसर्गिकरीत्या खाली वाहू देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. 1882 चा सुविधाधिकार कायदा तसे सांगतो. पण ही सवलत नैसर्गिक वाहण्यापुरती आहे. पाणी गोळा करून पाइपने दुसऱ्याच्या उसात सोडायला ती लागू पडत नाही. उलट खाली कुणी भिंत घालून तुमच्या शेतातले पाणी अडवले व पिकाचे नुकसान होत असेल, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, ही मुदत ध्यानात ठेवा. शिवाय डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या व राज्याच्या बहुतेक भागास लागू असलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पाऊसपाणी साठवण-पुनर्भरणाची सोय सक्तीची आहे. प्लॉट विकताना घेणाऱ्यास हे सांगावे.

तरी कचेरीची पायरी ही शेवटची पायरी. आधी शेजाऱ्यास बोलवा, पावसात दोघे मिळून बांधावर उभे राहा. पाणी कुणाची बाजू घेत नाही, ते उतार दाखवते. जमीन विकली तरी गावात राहायचे आपल्यालाच आहे.

ज्या सभासदांना उतार काढून हवा असेल, चर किंवा तळ्याची जागा ठरवायची असेल, त्यांनी पावसापूर्वी आपल्या गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे नाव नोंदवावे. आम्ही लेव्हल घेऊन रानात येऊ.

— ऊस विकास अधिकारी