एकवीस अंकी संख्येचे दोन मूळ अवयव

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यानामे परार्धाशी, म्हणजे १० च्या १७ व्या घाताशी थांबतात, ही संख्या तशा सुमारे १,४७५ परार्धांएवढी भरते. द्विमान पद्धतीत मात्र ती लिहिणे अगदी सोपे आहे: १ हा अंक सलग ६७ वेळा मांडायचा.

२ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच येते. २ च्या ६ व्या घातातून १ वजा केल्यास ६३ उरतात आणि त्यांना ७ ने भाग जातो. घातांक मूळ असला, तरी संख्या मूळ असेलच असे नाही. ११ हा घातांक घेतला तर येणारी २०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांपासून मूळ संख्या मिळतात, त्यांची यादी दिली. तिच्यात ६७ होता. पुढे ६७ आणि २५७ चुकीचे ठरले, तर ६१, ८९ आणि १०७ यादीतून राहून गेल्याचे दिसले.

६७ ची चूक गणिती एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये दाखवली. मूळ संख्या ओळखण्याच्या त्यांच्या कसोटीला गणिती लेमर यांनी पुढे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची, दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि मूळ आहे की नाही हे पाहायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. ३१ साठी ४, १४, ८ आणि ० अशा बाक्या येतात, म्हणून ३१ मूळ. या कसोटीचे खरे सौंदर्य असे की, संख्या संयुक्त आहे हे ती एकही अवयव न शोधता सांगते. तिची मर्यादाही तीच. लुकांनंतर सत्तावीस वर्षे ६७ घातांकाची संख्या संयुक्त आहे एवढेच ठाऊक होते, अवयव नव्हते.

अवयव कोठे शोधायचे याला मात्र नियम आहे. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर मर्सेन संख्येचा प्रत्येक मूळ अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येतो आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. २०४७ साठी दुप्पट २२. २३ म्हणजे २२ अधिक १ आणि ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. घातांक ६७ असेल तर १३४ च्या पटी पाहायच्या, आणि ८ च्या अटीमुळे त्यांतल्याही निम्म्या गळतात. तरीही लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीशी दडलेला होता. एकेक भागाकार हाताने करून तिथवर पोहोचणे जवळपास अशक्यच.

कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या, साहाय्याने शोधाचे क्षेत्र आणखी आवळले. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील सभेत त्यांनी उत्तर मांडले:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

तिथे एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्यावर फक्त गुणाकार केला, ही गोष्ट गणिती एरिक टेंपल बेल यांनी लोकप्रिय केली. तिचा तपशील रंगवलेला असू शकेल. गुणाकार मात्र अचूक आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही तो पडताळता येतो.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे आणि तिचे अवयव काढणे, या दोन कामांतले अंतर आजही तेवढेच मोठे आहे. पहिल्या कामासाठी कोणत्याही संख्येला लागू पडणारी जलद व निश्चित रीत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. दुसऱ्यासाठी सर्वसाधारण संगणकावर चालणारी तशी रीत कोणाच्या हाती नाही, आणि आरएसए ही सांकेतिक पद्धत याच अडचणीवर उभी आहे. २ च्या १,२७७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झालेले आहे. तिचा एकही मूळ अवयव अजून सापडलेला नाही.