चिमुकल्या घराचा संसार

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख वाचण्यापूर्वी खडूचा एक तुकडा हाती घ्यावा अशी आमची विनंती आहे. वर्गातील बाके एका बाजूस सारून फरशीवर १० फूट रुंद व १५ फूट लांब असा चौकोन आखावा. आपला वर्ग २० फूट रुंद व २५ फूट लांब असेल, तर त्याचा तिसरा हिस्साही या चौकोनाने व्यापणार नाही. आता हेच आपले घर, असे समजावे. निजणे, जेवणे, वाचणे, आल्यागेल्याचा परामर्श घेणे, सर्व काही येथेच व्हावयाचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात कॉनकॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे एक तळे आहे. त्याच्या काठी हेन्री डेव्हिड थोरो हा ग्रंथकार १८४५ च्या जुलैपासून १८४७ च्या सप्टेंबरपर्यंत नेमक्या एवढ्याच घरात राहिला.

हे घर त्याने आपल्या हातांनी बांधले आणि त्याचा हिशेबही लिहून ठेवला. एकंदर खर्च २८ डॉलर व साडेबारा सेंट. फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरांस विकत घेतली, ती मोडली व फळ्या उन्हात वाळवून पुन्हा वापरल्या. घरात एक पलंग, एक मेज, एक लिहिण्याचे डेस्क व तीन खुर्च्या. पाहुणे तिघांहून अधिक आले म्हणजे उभे राहत. केर काढण्याच्या दिवशी तो सारे सामान उचलून बाहेर गवतावर मांडी, फरशी धुऊन काढी आणि ती वाळेपर्यंत आपणही बाहेरच राही. आम्हांस ही गोष्ट फार मननीय वाटते. त्या घराचे अर्धे काम अंगण करीत होते! जमीनही त्याची स्वतःची नव्हती. ती त्याचे स्नेही एमर्सन यांची होती, आणि तिचे भाडे त्या हिशेबात कोठेच आढळत नाही. गावही हाकेच्या अंतरावर नसले तरी पायी जाण्याजोगे होते व थोरो तेथे वरचेवर जात असे.

याच्याही फार पूर्वी जपानात कामो नो चोमेई या गृहस्थाने असाच प्रयोग केला होता. क्योटो नगरीत त्याच्या डोळ्यांदेखत ११७७ साली प्रचंड आग लागली, ११८० त वावटळीने घरे उडविली, पुढे दुष्काळ पडला आणि ११८५ त भूकंप झाला. मोठमोठे वाडे किती लवकर मातीस मिळतात हे त्याने पुरते पाहिले. वयाबरोबर त्याचे घरही आकसत गेले. तिशीनंतर बांधलेले घर वडिलार्जित घराच्या दहाव्या हिश्शाएवढे होते. उतारवयात डोंगरात बांधलेली कुटी तर त्याच्याही शतांशाहून लहान, म्हणजे सुमारे १० फूट लांब, १० फूट रुंद व ७ फुटांहून कमी उंच अशी होती. तिचे सांधे आकड्यांनी जोडलेले होते. जागा आवडली नाही तर घर उकलावे, दोन गाड्यांवर घालावे आणि दुसरीकडे उभे करावे, अशी ती योजना होती. १२१२ साली त्याने या कुटीविषयी लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्या अखेरीस तो स्वतःलाच विचारतो की, सर्व सोडून आलो खरा, परंतु या कुटीवरच आपला जीव जडला, त्याचे काय? हा प्रामाणिकपणा आम्हांस त्या कुटीहूनही मोलाचा वाटतो.

मनुष्यास लहान घराची ओढ का लागते, याचा उलगडा या दोन गृहस्थांच्या चरित्रांत बहुतांशी होतो. लहान घरास पैसा थोडा लागतो, म्हणून कर्ज थोडे. झाडलोट अर्ध्या घटकेत आटोपते. कोणतीही नवी वस्तू आणताना, ती ठेवावयाची कोठे, असा प्रश्न घरच विचारते. आमच्या वसतिगृहवासी मित्रांस हे निराळे सांगावयास नको. एक खाट, खाटेखाली एक ट्रंक, भिंतीला दोन खुंट्या, एवढ्यावर त्यांचे वर्ष निघते. आणि सुटीत घरी गेल्यावर, इतके सामान आपल्यास कशास लागत होते, असे त्यांनाही क्षणभर वाटत असेल.

अमेरिकेत या ओढीने अलीकडे चळवळीचे रूप घेतले. तेथे नव्या घराचे सरासरी क्षेत्रफळ १९७३ साली १६६० चौरस फूट होते, ते २०१५ साली अडीच हजारांच्याही पुढे गेले. घर वाढले तसे कर्जही वाढले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आयोवा प्रांतात जे शेफर यांनी सुमारे शंभर चौरस फुटांचे लाकडी घर बांधले व ते चाकांवर ठेवले. चाके हौसेखातर नव्हती. अमुक मापाहून लहान घर बांधू नये असा नियम तेथील पुष्कळ गावांत असे. चाके लाविली म्हणजे ते घर राहत नाही, गाडी होते, आणि घराचा नियम तिला लागू पडत नाही! परंतु गाडी झाली म्हणजे गाडीचे नियम आले. रुंदी साडेआठ फुटांहून अधिक झाली की रस्त्यावर नेण्यास खास परवाना लागतो. आणि गाडीत कायमचे वास्तव्य करू नये असेही कित्येक गावांचे म्हणणे असते. पुढे २०१८ च्या आदर्श गृहबांधणी नियमावलीत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडण्यात आले. खोलीची उंची निदान ६ फूट ८ इंच असावी, निजण्याच्या माळ्यास निदान ३५ चौरस फूट जागा असावी आणि आग लागल्यास माळ्यावरून थेट बाहेर पडण्याची वाट असावी, असे त्यात सांगितले आहे.

या शेवटल्या कलमाकडे पालकवर्गाने अवश्य लक्ष द्यावे. लहान घरात माळा हा मोठा आधार. परंतु उष्ण हवा वर चढते, त्यामुळे रात्री सर्वांत अधिक उकाडा तेथेच होतो, आणि धूर झाला तर तोही प्रथम तेथेच साचतो. शिडी तरुणास खेळ वाटते. म्हाताऱ्या आजीस अथवा तापाने फणफणलेल्या मुलास ती चढता येत नाही. दुसरी अडचण दमटपणाची. श्वासातून, घामातून व भाताच्या वाफेतून पाणी हवेत जातेच. गॅसची ज्योतदेखील जळताना पाण्याची वाफ निर्माण करते. मोठ्या घरात ही वाफ पांगते. लहान घरात ती थंड भिंतीवर घाम होऊन उतरते व चार दिवसांत कपाटामागे बुरशी धरते. त्यावर उपाय समोरासमोर दोन झरोके, एक खाली व एक उंच, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून निघून जाईल. खिडक्या घट्ट लावून बंद खोलीत शेगडी पेटविणे तर साक्षात प्राणावर बेतणारे आहे.

इतके वाचल्यावर मुंबईचे आमचे वाचक मनात हसत असतील. त्यांच्या वाडवडिलांनी हे सर्व कोणत्याही चळवळीवाचून केले आहे. १९२० साली स्थापन झालेल्या मुंबईच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बी.डी.डी. नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे थोरोच्या घराहून दहा फूटच अधिक! फरक इतकाच की, थोरो एकटा होता. येथे आईबाप, मुले, आजी आणि गावाहून गिरणीत नोकरीसाठी आलेला चुलता, असे सात-आठ जण राहत. सकाळी गाद्यांच्या वळकट्या होत व निजण्याची जागा जेवणाची जागा होई. दोन भिंतींमध्ये दोरी, भिंतीस फळ्या, फळीवर डबे, कोपऱ्यात मोरी व मोरीशेजारी पाण्याचे पिंप. शौचकूप सर्व मजल्याचे मिळून सामायिक. मुलांचा अभ्यास बाहेरच्या बोळातील दिव्याखाली अथवा जिन्यात होई. लग्नकार्यास शेजारची खोली आपलीच असे.

या जीवनाचे गोडवे पुष्कळांनी गाइले आहेत, व शेजारधर्माचे जे वर्णन ते करितात ते खरेही आहे. तथापि त्या गोडव्यांत सूर मिसळताना आमचा घसा जरा दाटतो. आजारी माणसास निवांत पडावयास कोपरा नाही, वयात आलेल्या मुलीस कपडे बदलावयास आडोसा नाही, बाळंतिणीस झोप नाही, ही स्थिती कोणी आवडीने पत्करली नव्हती. चोमेई आपली कुटी गाडीवर घालून केव्हाही निघू शकत होता. थोरो दोन वर्षांनी खरोखरच निघून गेला. गिरणीकामगारास निघून जावयास दुसरे घर नव्हते. २०२५ साली वरळीच्या काही कुटुंबांस जुन्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली. त्यांना तुम्ही लहान घराचे सुख सांगू गेलात, तर ती काय उत्तर देतील याची कल्पना आम्हांस आहे.

म्हणून एखादे घर लहान असून सुखाचे आहे असे ऐकले, की त्याच्या भिंतींबाहेर काय आहे, हे आम्ही आधी विचारितो. ऑगस्ट २००५ च्या चक्रीवादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील असंख्य घरे जमीनदोस्त केली. तेव्हा मारियान कुसाटो या शिल्पज्ञ बाईंनी बेघर झालेल्यांसाठी ३०८ चौरस फुटांच्या घराचा नमुना तयार केला. जागेची इतकी ओढाताण असूनही त्यांनी दर्शनी बाजूस ओसरी ठेविली. हिशेबी मनुष्याने ती प्रथम छाटली असती. परंतु ओसरीवर बसून मनुष्य रस्त्यावरच्याशी बोलतो, आजोबा ऊन खात बसतात, आणि तेवढा वेळ आतली खोली दुसऱ्या कोणास तरी मोकळी मिळते. जेथे ओसरी शक्य नाही तेथे जवळ वाचनालय असावे, खेळावयास पटांगण असावे, पाणी घरात यावे.

आता आपल्या खडूच्या चौकोनाकडे वळू. त्यात सहा जणांनी बसावे. एकाने अभ्यास करावा, एकाने स्वयंपाकाचा बहाणा करावा, एकाने आजारी पडून राहावे. नंतर दार कोठे, झरोके कोठे, ट्रंक कोठे, हे खडूनेच दाखवावे आणि आजाऱ्यास न ओलांडता दारापर्यंत जाता येते की नाही ते पाहावे. पहिल्या खेपेस बहुधा येणार नाही. तेव्हा रेघा पुसून पुन्हा आखाव्या. घंटा होण्यापूर्वी मात्र फरशी ओल्या फडक्याने स्वच्छ करावी, नाही तर शिपाईदादांचे बोलणे आम्हांस ऐकावे लागेल.