शिक्षेआधीचे दोन प्रश्न

नोव्हेंबर १९८०. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका शाळेत सतरा वर्षांच्या मुलाला सोबतच्या मुलाने चिडवलं. याने थेट त्याचा गळा आवळला. मुख्याध्यापकांकडे नेत असताना जाता जाता लाथ घालून खिडकीची काचही फोडली. शाळेने त्याला पाच दिवस घरी बसवलं, मग कायमचं काढून टाकायचं ठरवलं आणि त्याचा फैसला होईपर्यंत शाळेत यायचं नाही असं फर्मावलं. आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये या प्रकरणाचा निकाल दोन मिनिटांत लागला असता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो लागायला जानेवारी १९८८ उजाडला, आणि शाळा हरली.

कारण हा मुलगा भावनिक अपंगत्व असलेला होता आणि चिडवल्यावर त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही, हे त्याच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्यात आधीच लिहिलेलं होतं. या आराखड्याला तिकडे सगळे ‘आयईपी’ म्हणतात. ज्या अडचणीवर काम करायचं शाळेने कबूल केलं होतं, त्याच अडचणीसाठी शाळा त्याला हाकलत होती.

‘होनिग विरुद्ध डो’ या नावाने हा खटला ओळखला जातो. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकालपत्रात इतिहासाची आठवण करून दिली. १९७५मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला तेव्हा अमेरिकेत अशी ८० लाखांहून जास्त मुलं होती, त्यातली सुमारे १० लाख शाळेबाहेरच होती. त्यातल्या अनेकांना ‘वर्तन ठीक नाही’ म्हणूनच बाहेर काढलेलं होतं. शिस्तीच्या नावाखाली दार लावून घ्यायचा शाळांचा एकतर्फी अधिकार संसदेने जाणूनबुजून काढून घेतला आहे, असं न्यायालयाने ठणकावलं. ‘मुलगा धोकादायक असेल तर अपवाद करा’ ही विनंतीही फेटाळली. मात्र दहा दिवसांपर्यंत घरी बसवायची मुभा ठेवली आणि खरोखर धोका असेल तर न्यायालयात या, असं सांगितलं.

हाच कायदा आज ‘आयडिया’ या नावाने चालतो. १९९७ आणि २००४च्या दुरुस्त्यांनी शिस्तीचे नियम त्यात तपशिलाने आले. शिस्तभंगासाठी मुलाला सलग दहापेक्षा जास्त शालेय दिवस बाहेर ठेवायचं ठरलं, की त्या निर्णयापासून दहा शालेय दिवसांत बैठक घ्यावीच लागते. शाळेचे प्रतिनिधी, आराखडा करणाऱ्या गटातले संबंधित लोक आणि पालक एकत्र बसतात. प्रश्न दोनच. हे वागणं अपंगत्वामुळे घडलं का, किंवा त्याचा अपंगत्वाशी थेट आणि ठोस संबंध आहे का? आणि शाळेने आराखडा पाळला नाही, त्याचा हा थेट परिणाम आहे का?

पालक सगळा जीव पहिल्या प्रश्नात ओततात. माझ्या मते खरी धार दुसऱ्याला आहे. समजा, सहावीतला स्वमग्न मुलगा आहे. भोंग्याचा आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून आगीच्या सरावाआधी त्याला सांगायचं आणि कानावर हेडफोन द्यायचे, असं आराखड्यात लिहिलंय. बदली शिक्षिकेला ते कुणी सांगितलंच नाही. भोंगा वाजला, मुलगा पळत सुटला, अडवायला आलेल्या शिक्षिकेला त्याने ढकललं. आता बैठकीत चूक कुणाची तपासायची? दोनपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर सहसा मुलाला त्याच्या वर्गात परत घ्यावं लागतं. वर्तनाची कारणं शोधून त्यावर योजना करावी लागते, आधीची योजना असेल तर ती सुधारावी लागते. दोन्ही उत्तरं ‘नाही’ आली तर इतर मुलांसारखीच शिक्षा होते, पण तेव्हाही शिक्षण बंद करता येत नाही.

म्हणजे अपंग मुलाला सगळं माफ आहे का? नाही. शस्त्र, अमली पदार्थ किंवा कुणाला गंभीर शारीरिक इजा, या तीन बाबतींत बैठकीत काहीही ठरलं तरी शाळा त्याला ४५ शालेय दिवसांपर्यंत दुसरीकडे शिकायला पाठवू शकते. शस्त्राची व्याख्याही मोजूनमापून केलेली आहे: अडीच इंचांपेक्षा कमी पात्याचा खिशातला चाकू त्यात धरत नाहीत.

पळवाट मात्र साध्या फोनची आहे. ‘आज त्याचं काही ठीक नाही, घेऊन जाता का?’ कागदावर निलंबन नाही, म्हणून दहाच्या हिशोबात शाळा तो दिवस धरत नाहीत. अशा अनौपचारिक पाठवणीवर अमेरिकी शिक्षण खात्याने २०२२च्या मार्गदर्शनात बोट ठेवलं आहे. तिथल्या मराठी आईबापांना हे सांगायला हवं, कारण आपल्या लोकांना शाळेशी वाद नको असतो आणि मुलावर शिक्का नको असतो. प्रत्येक फोनची तारीख लिहून ठेवा. अजून तपासणी झाली नसेल तरी शंका लेखी कळवा. प्रसंग घडण्याआधी तसं लेखी कळवलेलं असेल, तर मुलाला बहुधा हेच संरक्षण मागता येतं.

आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकू देत नाही, कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ करू देत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेसह एकवीस प्रकार आहेत, समावेशक शिक्षणाची हमी आहे. काढता येत नाही म्हणून मग पालकांना बोलावून ‘दाखला काढून न्या, दुसरीकडे त्याला बरं पडेल’ असं सुचवलं जातं आणि अर्जावर सही पालकांचीच असते. त्या सहीआधी कुणी बैठक घ्यावी आणि शाळेने स्वतःचं काम केलं होतं का ते विचारावं, अशी सक्ती या दोन्ही कायद्यांत नाही. नियमांत ती घालायला हवी, आणि तोवर पालकांनी शाळेत बसून दाखल्याच्या अर्जावर सही करू नये.