अंबरनाथ: घडवणाऱ्यांचं शहर

मुंबईपासून साधारण साठ किलोमीटरवरचं अंबरनाथ बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. एक अकराव्या शतकातलं शिवमंदिर आणि दुसरी इंडिकेटरवर झळकणारी अंबरनाथ लोकल. या दोहोंच्या मध्ये एका कामकरी शहराची मोठी गोष्ट आहे. मुंबईच्या आसपासची बरीच उपनगरं चाकरमान्यांना परवडणारं घर हवं होतं म्हणून वाढली. अंबरनाथला आधी कारखाने आले आणि कामगारांची वस्ती त्यांच्यामागून आली. त्यामुळे या शहराचा इतिहास सांगायचा तर तो इथे काय काय घडवलं गेलं यावरूनच सांगावा लागतो.

पहिलं मोठं काम दगडाचं. वालधुनीच्या काठी काळ्या बेसाल्टमध्ये उभं राहिलेलं हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मम्वाणीच्या काळात पुरं झालं. मंदिरातल्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 हे वर्ष आहे. लोक त्याला सर्रास हेमाडपंती म्हणतात आणि पांडवांनी ते एका रात्रीत बांधल्याचंही सांगतात. शैलीने ते भूमिज पद्धतीचं आहे आणि हेमाद्री पंडिताच्या कितीतरी आधीचं आहे. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या खाली उतरलं की गाभारा लागतो आणि वर पाहिलं तर शिखराचा माथा उघडा. बाहेरच्या भिंतींवर हातभरही जागा मोकळी नाही. देव, अप्सरा, हत्तींचे थर, वेलबुट्टी अशी दाटी आहे. राजांची नावं लेखात राहिली, पण ज्यांच्या छिन्नीतून हे उतरलं त्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. 1868 मध्ये मुंबई सरकारने या शिल्पांची रेखाचित्रं आणि साचे करवून घेतले, तेव्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी इथे कामाला आले होते. तोवर हे खेड्याच्या वेशीवरचं देऊळच होतं. भोवती भातखाचरं, आगऱ्यांची गावं आणि मलंगगडाच्या पायथ्याचं रान.

त्याआधी 1856 मध्ये कल्याणहून खोपोलीच्या दिशेने रेल्वेचे रूळ पडले आणि ते अंबरनाथवरून गेले. पुढे 1929-30 च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी धावू लागली. पण शहराला आकार आला तो कारखान्यांमुळे. जमीन, नदीचं पाणी आणि दाराशी रेल्वे, तेही मुंबई बंदरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर. उद्योजकाला यापेक्षा वेगळं काय हवं? 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने इथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत बनवायला घेतलं. भारतीय भांडवलावर उभ्या राहिलेल्या रसायन उद्योगाच्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी हा एक.

पाठोपाठ काडेपेटी आली. 1922 मध्ये सरकारने परदेशी काडेपेट्यांवर जबर आयात कर बसवला. स्वीडनहून माल आणून विकणं परवडेना, तेव्हा स्वीडिश मॅच कंपनीने भारतातच कारखाने काढायचं ठरवलं. त्यातून 1923 मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली ‘विमको’ जन्माला आली. ओंडका यंत्रावर सोलून त्याची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी काढायची, तिच्या काड्या कापायच्या, त्या मेणात आणि मग गुलात बुडवून वाळवायच्या, पेट्यांत भरायच्या. काडीमागे इतकं काम असे आणि त्यावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. कोकणातून, घाटावरून आणि देशाच्या इतर भागांतून माणसं आली. आधी एकटा गडी खोलीवर राही, मग धाकटा भाऊ येई, मग बायको-मुलं. घाटावरचा आणि कोकणातला एकाच चाळीत शेजारी झाला. कारखान्याचं स्वरूप पुढे बदललं, पण पश्चिमेकडच्या विमको नाक्याचं नाव कुणी बदललं नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन घटनांनी गावाचं शहर झालं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर असं नामकरण झालं. अंबरनाथची शीव तिला लागूनच. हातातलं सगळं गमावून आलेल्या माणसांनी तिथे बाजारपेठ उभी केली आणि तिचा राबता अंबरनाथपर्यंत पोहोचला. दुसरी घटना संरक्षण खात्याच्या कारखान्यांची. ऑर्डनन्स फॅक्टरी आली, 1953 मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. त्यांच्याबरोबर वसाहत, शाळा, दवाखाना आणि मैदान आलं. बंगाली, तमिळ, मल्याळी, पंजाबी कुटुंबं मराठी शेजारात राहू लागली. ऑर्डनन्सच्या वसाहतीतल्या पोराला दुर्गापूजा आणि ओणम पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

त्या काळचं शहर घड्याळापेक्षा भोंग्यावर चाले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. पहाटे सायकलींची रांग कारखान्याच्या गेटाकडे निघे. पगाराच्या संध्याकाळी बाजारात वेगळी वर्दळ दिसे, किराणावाल्याची महिन्याची उधारी चुकती होई आणि मुलांसाठी पुडीतून खाऊ येई. दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा चढत आणि त्या दिवशी घरच्यांना कारखाना आतून पाहता येई. बाप ज्या लेथवर आयुष्य घालवतो ते यंत्र मुलांनी त्या दिवशी पाहिलं. हातातल्या कामाचा अभिमान या गावात इथून रुजला असं मला ठामपणे वाटतं.

पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती झाल्या. मोरिवली, चिखलोली आणि नंतर आनंदनगरकडे रसायनं, औषधं, अभियांत्रिकी अशा लहानमोठ्या उद्योगांची गर्दी झाली. नौदलासाठी लागणाऱ्या सामग्रीवर संशोधन करणारी एनएमआरएल ही प्रयोगशाळाही अंबरनाथचीच. पाणबुडीला अधिक काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून तिने विकसित केलेल्या इंधनघट प्रणालीची जमिनीवरची चाचणी मार्च 2021 मध्ये यशस्वी झाली.

कारभाराच्या बाबतीत मात्र शहराची ओढाताण झाली. 1983 मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातले गेले आणि 1992 मध्ये दोन्ही पुन्हा बाहेर पडले. स्वतःची नगरपरिषद परत मिळाली, पण तोवर मुंबईतल्या घरांच्या किमतींनी माणसांना कल्याणच्या पुढे ढकलायला सुरुवात केली होती. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या अडीच लाखांवर गेली. चाळी आणि बैठी घरं पाडून इमारती उठल्या, पूर्वेला टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत टॉवर पोहोचले. जुने कारखाने एकेक करून मंदावले किंवा बंद पडले, आणि कामाला जाणारा माणूस गेटाऐवजी फलाटाकडे वळला. पहाटेच्या लोकलमध्ये ठरलेला डबा, ठरलेला गट, भजनाचे टाळ, परतीच्या गाडीत मांडीवर निवडली जाणारी भाजी, हे आता इथल्याही रोजच्या जगण्याचं रूप आहे. उन्हाळ्यात पाणी कधी येणार ही चिंता आणि सोसायटीच्या दारात टँकर, हेही त्याचाच भाग.

तरीही जुनं गाव पुरतं पुसलेलं नाही. पावसाळा लागला की मलंगगडाच्या बाजूच्या पाड्यांवरून ठाकूर-कातकरी बाया शेवळं, टाकळा, करटोली घेऊन बाजारात बसतात. श्रावणी सोमवारी देवळाकडच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. महाशिवरात्रीला तर आदल्या मध्यरात्रीपासून रांग लागते आणि गाड्या भरभरून येतात. आता इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. एके काळी उपचारांसाठी मुंबईकडे पाहणाऱ्या शहराला ही मोठी गोष्ट आहे.

या सगळ्या घडवणुकीची किंमत मात्र एकट्या वालधुनीने मोजली. डोंगरात उगम पावणारी ही नदी अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. ज्या पाण्याच्या आधाराने देऊळ उभं राहिलं, त्यात कारखान्यांचं आणि गटारांचं सांडपाणी सोडलं गेलं. 2014 च्या अखेरीस टँकरमधून ओतलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावं लागलं. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी हरित लवादात दाद मागितली, त्यावर आदेशही झाले. पण जुलै 2005 च्या पुरात जिचं पात्र किती आवळलं गेलंय ते सगळ्यांनी पाहिलं, त्या नदीला आपण अजूनही नाला म्हणूनच वागवतो.

मंदिराच्या परिसराचं सुशोभीकरण होतंय, तिथे कलामहोत्सव भरतो, याचा आनंद आहे. मात्र देवळाच्या पायाशी काळं पाणी वाहत असेल तर घाट कितीही देखणे बांधले तरी काम अर्धंच राहील. उगमाकडचे ओढे मोकळे ठेवणं, सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत न सोडणं आणि पूररेषेत बांधकामाला परवानगी न देणं, ही तीन कामं कुठल्याही नव्या प्रकल्पाच्या आधी व्हायला हवीत. आणखी एक काम आपल्याच हातात आहे. विमको, धरमसी, ऑर्डनन्समध्ये राबलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली. त्यांच्या आठवणी, ओळखपत्रं, फोटो, युनियनची पत्रकं जपणारं एखादं दालन नगरपरिषदेने आणि शाळांनी मिळून उभारावं. मंदिर घडवणाऱ्यांची नावं आपण गमावली. शहर घडवणाऱ्यांची नावं अजून विचारून लिहून घेता येतील, आणि ती विचारायला याच वर्षी सुरुवात करायला हवी.