पोरगं अमेरिकेला निघालं? आधी खर्चाचा ताळा करा



दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहत नाही. जमीन, पाणी आणि खर्च पाहतो. व्यवसाय-व्यवस्थापन शिकायला मुलामुलीला अमेरिकेत धाडतानाही हाच हिशेब मांडा.

नावाला भुलू नका. व्यवसाय-शिक्षणाची ‘ए.ए.सी.एस.बी.’ ही मान्यता आहे का, ते पाहा. फी, राहणे, खाणे, विमा यांचा वर्षाचा अंदाज विद्यापीठे जाहीर करतात. पुढे व्हिसासाठी लागणाऱ्या ‘आय-२०’ कागदावरही खर्च मांडलेला असतो. त्याचे रुपये करा आणि जितकी वर्षे, तितक्याने गुणा.

पोरगा तिथे कमावून फी भरील, या भरवशावर राहू नका. शिक्षण चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. त्यात फार तर हातखर्च निघतो. फुकट सल्ला देणाऱ्या एजंटाला कॉलेजकडून दलाली मिळते का, हेही विचारा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आधी अशी दारे ठोठवा.

सात-बारावर बोजा चढवण्यापूर्वी घरात बसून एकच प्रश्न विचारा : नोकरी लागली नाही, तर कपाशी-तुरीतून हप्ता फिटेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कमी खर्चाचे विद्यापीठ शोधा, नाहीतर वर्षभर थांबा. शिक्षण पुढल्या वर्षीही घेता येते. गेलेले वावर परत येत नाही.