सागरचे वेस्टसाहेब

जमिनीच्या पोटात दडलेल्या वस्तूचा शोध ही आम्हां लालबागकरांना नवलाची गोष्ट नाही. १६१५ साली खानखानान अब्दुर रहीम यांच्या आमदानीत तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी हेरले, आणि कुंड्यांच्या रांगेखालून बोगदा खणवून ते केवळ उताराच्या बळावर बुऱ्हाणपुरात आणले. मोट नाही, रहाट नाही. तोच आमचा कुंडी भंडारा. असाच भूगर्भाचा एक जाणता आपल्या मध्यप्रदेशात अगदी अलीकडच्या काळात होऊन गेला. त्यांची ओळख आपल्या मुलांना असावी म्हणून हा लेख.

विल्यम डिक्सन वेस्ट हे इंग्रज गृहस्थ १९२३ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात आले. पुढे १९४५ ते १९५१ या काळात ते त्या खात्याचे संचालक होते. मायदेशी परतून आरामात राहणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु १९५५ च्या सुमारास ते सागर विद्यापीठात आले, तेथे उपयोजित भूशास्त्राचा विभाग उभा केला आणि सागरचेच होऊन राहिले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. साऱ्या देशाच्या खात्याची सूत्रे सांभाळलेल्या माणसाने नवख्या विद्यापीठात पोरांना दगड ओळखायला शिकवावे, यातच त्यांची थोरवी आली असे मला वाटते.

त्यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी मँगनीजची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. लोखंडात गंधकाचा अंश राहिला तर तापलेले पोलाद ठोकताना तडकते. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेते, म्हणून पोलादाला ते हवेच. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात त्याचे मोठे साठे आहेत. तेथील मँगनीजयुक्त खडकाला फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली गोंड लोकांवरून ‘गोंडाईट’ असे नाव दिले.

मात्र हे खनिज सापडते कसे? ते वाटेल तेथे विखुरलेले नसते. मनसर, लोहांगी, बिचुआ अशा आपल्या ओळखीच्या गावांची नावे दिलेले खडकांचे थर एकावर एक आहेत. मँगनीज मुख्यतः मनसर थरात व त्याच्या कडांना असते. तेव्हा थरांचा क्रम कळला की खनिजाचा माग लागतो. अडचण अशी, की हे थर सरळ राहिलेले नाहीत. जमिनीवर पसरलेली गोधडी एका बाजूने रेटली तर तिच्या वळ्या पडतात, आणखी रेटली तर एक वळी दुसरीवर चढते. रामटेकजवळच्या देवलापार भागात थरांचे असेच झाले आहे, असे वेस्टसाहेबांनी १९३६ साली मांडले. अशा ठिकाणी वर दिसतो तो थर नंतरचाच असेल असे धरून चालणाऱ्याची खोदाई फुकट जाते, आणि त्या काळी हा हिशेब पायी हिंडूनच करावा लागे.

सागरच्या परिसरातील काळ्या दगडाचाही त्यांनी अभ्यास केला. हा दगड आपल्याही पायाखालचा. लाव्ह्याचा एक लोंढा निवाला, मग दुसरा आला. लोंढ्याच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहतात, आणि दोन लोंढ्यांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला परिचयाचा असतो. विद्वानांनी त्याला नाव दिले इतकेच!

नर्मदा व सोन या नद्यांची सरळ रेघ ही पृथ्वीच्या कवचातील पुरातन दुबळी रेषा आहे, हे त्यांनी १९६२ साली दाखविले. रेषेच्या उत्तरेस विंध्य खडक, दक्षिणेस गोंडवनाचे कोळसा धरणारे खडक. ते सहसा एकमेकांची हद्द ओलांडत नाहीत. ही रेषा निव्वळ पुस्तकी नाही. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला भूकंप झाला तो याच पट्ट्यात. आपला जिल्हाही नर्मदा-तापीच्या मुलखातलाच, म्हणून नवे घर बांधणाऱ्याने पाया व जोडणी यांत कसर करू नये, हे येथे सांगून ठेवतो.

नागपूरहून शिवनीमार्गे जबलपूरला जाणाऱ्या मंडळींना वाटेत आधी मनसर लागते, पुढे देवलापार. गाडी थांबलीच तर रस्त्याकडेच्या दगडांकडे मुलांचे लक्ष वेधावे.