शेतकऱ्याची मुलाखत मोबाइलवर कशी चित्रित करावी?



दूरदर्शनवर 'कृषी दर्शन' हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. शेतीची माहिती पडद्यावरून देण्याचे हे काम आज गावातील शेतकरी गटही मोबाइलवर करू शकतो. एका शेतकऱ्याचा अनुभव दुसऱ्याला लवकर पटतो. म्हणूनच तो स्पष्ट ऐकू येणे व अचूक असणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

१) वेळ व जागा : सकाळी किंवा दुपारी चारनंतर चित्रण करावे. भर दुपारी टोपीची किंवा फेट्याची सावली डोळ्यांवर पडते. सूर्य बोलणाऱ्याच्या पाठीमागे नसावा, अन्यथा चेहरा काळा दिसतो.

२) मोबाइल : भिंग स्वच्छ पुसावे. मोबाइल आडवा, बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर व तिवईवर पक्का बसवावा. विमान मोड सुरू करावा, म्हणजे मध्येच फोन येणार नाही.

३) आवाज : चित्र थोडे कमी-जास्त चालते, पण आवाज नीट नसल्यास मुलाखत वाया जाते. जवळची मोटार, ट्रॅक्टर बंद ठेवावा. वाऱ्याचा आडोसा पाहावा. कॉलरचा माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावावा. माइक नसल्यास दुसऱ्या मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून तो बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावा. आधी अर्धा मिनिट चाचणी घेऊन ऐकावी.

४) प्रश्न : प्रश्न विचारणाऱ्याने मोबाइलच्या अगदी शेजारी उभे राहावे. "फवारणीचा फायदा झाला का?" असे विचारल्यास "हो" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी "कांद्यावर करपा दिसला तेव्हा तुम्ही काय केले?" असे विचारावे. उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद थांबावे. पुष्कळदा खरी माहिती त्यानंतरच येते.

५) आकडे : वाण, लागवडीची तारीख, क्षेत्र, खर्च व उत्पादन एककासह वदवून घ्यावे. औषधाच्या प्रमाणाबाबत विशेष दक्षता घ्यावी. "पंपाला ३० मिली" असे शेतकरी सांगतो, तेव्हा त्याचा पंप १५ लिटरचा असेल तर प्रमाण लिटरला २ मिली होते. पाहणाऱ्याने तेवढेच औषध १० लिटरच्या पंपात टाकल्यास लिटरला ३ मिली, म्हणजे दीडपट होईल व पीक करपू शकेल. यासाठी प्रमाण नेहमी प्रति लिटर विचारावे, औषधाच्या लेबलाशी पडताळावे आणि शंका असल्यास तो भाग वगळावा.

६) जोडचित्रे : पात, मुळे, ठिबकच्या नळ्या, काम करणारे हात यांची प्रत्येकी दहा सेकंदांची चित्रे घ्यावीत.

शेवटी, शेत सोडण्यापूर्वी चित्रण पूर्ण पाहून व ऐकून घ्यावे. ते बोलणाऱ्यालाही दाखवावे आणि त्याच्या संमतीनेच इतरांना पाठवावे.